तीन साखळ्या पुढे

धाकू कावडवाल्याला मी चालताना फार क्वचित पाहिलं. पहाटे भाट्याच्या किनाऱ्यावरून मासळी घेऊन तो गोळपच्या चढाला लागायचा तो दुडक्या चालीनं, आणि दुपारच्या आत परत यायचा तोही त्याच चालीनं. खांद्यावर बांबूची कावड, दोन्ही टोकांना पाट्या. कावडीचा बांबू वर-खाली लवतो. त्या लवण्याबरोबर पाऊल पडलं की ओझं अर्धं होतं. घाई केली तर पाट्या झुलून बांगडे उडतात, रेंगाळलात तर खांदा सोलून निघतो. म्हणून कावडवाल्याला चाल एकच. मी एकदा घड्याळ लावून मोजली होती. सपाटीवर मिनिटाला एकशे बावन्न पावलं, चढावर एकशे अठ्ठेचाळीस. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर उंच होता आणि तिथे घट्टा पडला होता. त्या घट्ट्यावर त्याची बायको सगुणा रोज तेल जिरवायची आणि म्हणायची, "आमच्या घरात ह्योच एक दागिना."

मी त्या वेळी लोकल बोर्डाचा नवा ओव्हरसियर होतो. साल एकोणीसशे एकतीस. खाडीतल्या होड्यांच्या, म्हणजे तरीच्या, धक्क्याच्या पायऱ्या बांधायचं काम माझ्याकडे होतं आणि दुपारचं जेवण धाकूच्या पडवीत. माझे वडील सुतार, लहानपणी त्यांच्याबरोबर कामाच्या घरी जेवायला बसायचो, त्यामुळे पाटावर बसून वाटीतली आमटी संपवेपर्यंत घरातल्या गोष्टी कानावर येतात आणि त्यात तोंड घालायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. पण या घरात एक गोष्ट अशी होती की तिच्यात तोंड घातल्यावाचून राहवेना. ती गोष्ट म्हणजे चुलीशेजारच्या फळीवर ठेवलेली, काथ्याची नवी कोरी चुंबळ. तिच्यावर काहीच ठेवलेलं नसे.

"वहिनी, ही चुंबळ कशाची?" मी विचारलं.

धाकू ताटाकडे बघत म्हणाला, "हंड्याची."

"हंडा कुठे आहे?"

"लवूच्या घरी," सगुणा म्हणाली आणि पळी जरा जोरात आपटली.

मग सगळं कळलं. गेल्या साली शहरातल्या भांड्यांच्या व्यापाऱ्यांनी किनारपट्टीच्या कावडवाल्यांची शर्यत ठेवली होती. त्रिपुरी पौर्णिमेला, संध्याकाळच्या ओहोटीत. धक्क्याजवळच्या निशाणापासून पलीकडच्या खडकांपर्यंत तीन वेळा जायचं, तीन वेळा यायचं. मी नंतर ते अंतर साखळीनं मोजलं. एका बाजूचं चौऱ्याहत्तर साखळ्या, म्हणजे एकूण साडेपाच मैल. खांदे मात्र मोकळे. बक्षीस तांब्याचा हंडा, दोन कळश्या पाणी मावेल असा. तो आधी आठ दिवस बैलगाडीतून वाजतगाजत फिरवला होता. सगुणानं तेव्हाच चुंबळ वळली आणि विहिरीवर सगळ्यांना सांगून टाकलं की हंडा आमचाच.

आणि तो होणारही होता. शेवटच्या फेरीत धाकू सगळ्यांच्या पुढे होता. त्याच्या मागे दहा पावलांवर लवू. लवू त्याच वाडीचा, त्याच धंद्यातला, आठ वर्षांनी लहान आणि उंच. निशाण शंभर हातांवर आलं आणि लवू मागून ओरडला, "ओझं आलं ऽ!"

कावडवाल्यांचा एक रिवाज आहे. त्यांच्या वाटा अरुंद असतात. मागून किंवा समोरून भरल्या खांद्याचा माणूस 'ओझं आलं' म्हणाला की मोकळ्या खांद्याच्या माणसानं वाट सोडायची. पाटील असो की पाहुणा, त्यात मोठं-लहान नाही. धाकूनं वीस वर्षं ती हाक ऐकली होती आणि दिली होती. ती कानावर पडताच त्याचे पाय आपोआप बाजूला सरले, मऊ रेतीत रुतले, आणि त्याच्या शेजारून लवू मोकळे खांदे हलवत पुढे गेला.

पंचांनी नियमांचा कागद पाहिला. शर्यतीत ओरडू नये असं त्यात कुठेच नव्हतं. लोक पोट धरून हसले. धाकूही हसला. सगुणा तेवढी हसली नाही, कारण दुसऱ्या दिवसापासून लवूची बायको मालन तो हंडा कमरेवर घेऊन विहिरीवर येऊ लागली. घरात तीन कळश्या असताना.

"जड हाय गो मेला," मालन रोज म्हणायची. "नको नको झालाय मला. तुला कळश्याच बऱ्या, सगुणा."

हे वर्षभर चाललं होतं. सगुणा आता पहाटे सगळ्यांच्या आधी विहिरीवर जायची, म्हणजे तो हंडा दिसायला नको.

मी म्हणालो, "धाकूदादा, उपाय सोपा आहे. या साली हाक आली तरी सरायचं नाही."

धाकूनं घास खाली ठेवला. "आनि खरंच ओझं असलं तर?"

"शर्यतीत ओझं कुठून येणार?"

"तुमी पायऱ्या बांधता, वाट नाय चालत. हाकंला सरलो नाय तर मी कावडवाला कसला? हंडा नको मला तसला." मग म्हणाला, "आनि ठरवलं तरी पाय आयकनार नायत."

दुसरी गोष्ट खरी होती. मागून कोणी दबक्या आवाजात जरी 'ओझं' म्हटलं तरी तो जेवता जेवता पाटावरून सरकायचा. सगुणानं मला ते तिथल्या तिथे करून दाखवलं.

म्हणजे एकच वाट उरली. हाक ऐकूच येणार नाही इतकं पुढे असायचं. मला अशा गोष्टी मोजल्याशिवाय चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी ओहोटीला मी मोजणीची साखळी घेऊन किनाऱ्यावर गेलो. एक साखळी म्हणजे सहासष्ट फूट. धाकूला पळायला लावलं आणि सगुणाला मागे उभं करून ओरडायला सांगितलं. एका साखळीवर धाकू टुणकन बाजूला झाला. दोन साखळ्यांवर त्यानं मान वळवली. तीन साखळ्यांवर लाटांच्या आवाजात त्याला काहीच ऐकू आलं नाही, तो तसाच पळत राहिला.

"तीन साखळ्या!" मी वहीत लिहिलं.

"तीन कशाला?" सगुणा म्हणाली. "घरात माजी हाक एका साखळीवर आयकू येत नाय ह्यांना."

आता लवूला तीन साखळ्या मागे कसं टाकायचं? धाकू दिवसभर पळू शकत होता, पण एकाच चालीनं. लवू त्याच्या मागे सावलीसारखा राहणार आणि शेवटी ओरडणार. पुण्याला शिकत असताना आमच्या व्यायामशिक्षकांनी आम्हाला एक पद्धत शिकवली होती. मैदानाचा एक भाग जोरात पळायचं, पुढचा भाग हळू, पुन्हा जोरात, पुन्हा हळू. उभं राहायचं नाही. हळू पळतानाच दम परत मिळवायचा. असं महिनाभर केलं की माणसाला चाल बदलता येते, आणि ज्याला ती येत नाही त्याचा मागे धावता धावता दम तुटतो. कोजागिरी दोन दिवसांवर होती. त्रिपुरीपर्यंत बरोबर महिना मिळत होता.

भाट्याला मैदान नव्हतं, पण ओहोटीची ओली रेती दगडासारखी घट्ट असते. मी मधोमध खुंटी ठोकली, तिला रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, सत्तर हात दोर बांधला आणि दुसऱ्या टोकाला काठी धरून गोल फिरलो. वर्तुळ दहा साखळ्यांचं झालं. आठ वळसे म्हणजे एक मैल. अर्ध्यावर दोन बाजूंना दोन खुंट्या. पहिल्या खुंटीपासून दुसरीपर्यंत जोरात, दुसरीपासून पहिलीपर्यंत हळू. भरती आली की सगळं पुसून जायचं. दुसऱ्या दिवशी ओहोटी पाऊण तास उशिरा, आम्ही पाऊण तास उशिरा, आणि वर्तुळ पुन्हा नवं.

पहिल्या दिवशी फजिती झाली. धाकू जोरात म्हणून निघाला तो एकशे बावन्न पावलांनीच. मी ओरडलो, "आणखी जोरात!" तो म्हणाला, "ह्योच जोर." दुसऱ्या खुंटीशी मी म्हणालो, "आता हळू." तो सरळ खाली बसला.

"दादा, बसायचं नाही, हळू पळायचं!"

"हळू म्हंजे कावड उतरली. कावड उतरली की मानूस बसतो," धाकू म्हणाला. त्याला खरंच दुसरं काही सुचत नव्हतं.

कडेला रापण ओढणारी मंडळी जमली होती. त्यांच्यातला म्हातारा भागोजी ओरडला, "रे धाकू, घाण्याचा बैल झालास! तेल किती निघालं?"

आठवडाभर रोज हेच. माझ्या वहीत आकडे होते, पण उपाय नव्हता. तो सगुणाला सुचला. एके दिवशी ती धाकूची कावडच घेऊन किनाऱ्यावर आली. दोन्ही पाट्यांत दोन दोन नारळ.

"ह्यांना मोकळं होऊन जोरात सुटताना दोनच येळा बगितलंय मी," ती म्हणाली. "गोळपासनं येताना मासळी विकून झाली आनि घराकडं उतार लागला की. आनि माज्या बापाच्या घरी मला बगायला आले तवा, परतताना."

"तवा का पळाला ते सांग की," भागोजी दुरून म्हणाला.

"तुमी रापण ओढा, भागोजीकाका!"

तिची युक्ती अशी. हळूच्या अर्ध्या वळशात धाकूनं कावड खांद्यावर घ्यायची. मग पाय आपोआप त्यांच्या जुन्या चालीवर येतात, बसावंसं वाटत नाही. खुंटीशी सगुणा उभी. तिच्याकडे कावड टाकायची आणि मोकळ्या खांद्यानं पुढच्या खुंटीपर्यंत सुटायचं. मग ती कावड घेऊन वर्तुळ आडवं ओलांडून पलीकडच्या खुंटीशी त्याच्या आधी पोचायची.

धाकूनं कावड टाकली आणि सुटला. मी घड्याळाकडे बघतच राहिलो. पायाखालची रेती उडत होती. पलीकडे सगुणा धापा टाकत पोचली, त्याच्या खांद्यावर कावड ठेवली, आणि पाय मुकाट्यानं दुडक्या चालीवर आले. छाती भात्यासारखी हलत होती, पण तो बसला नाही. त्या दिवशी सहा वळसे झाले. तो आला तो हसतच. "अरे, ही तर मजा हाय," तो म्हणाला. "ओझं टाकायचं नि उचलायचं. ह्येच तर करतो मी जन्मभर."

सहाचे आठ झाले, आठाचे बारा. अष्टमीच्या सुमारास ओहोटी भर दुपारी आली तेव्हा धाकू गोळपहून आला तो कावड न उतरवता सरळ वर्तुळात शिरला. दिवाळीच्या पहाटे मालननं मुद्दाम निरोप धाडला, "आंगोळीला आमच्याकडं या. हंड्यात दोन घरांचं पानी तापतं." सगुणानं उलटा निरोप दिला, "येत्या साली तुमीच या." आणि त्या दिवसापासून ती पुन्हा सगळ्यांच्या वेळेला विहिरीवर जाऊ लागली.

दिवाळीनंतर आम्ही आधी नारळ काढले, मग पाट्या, मग कावड. शेवटच्या आठवड्यात धाकू नुसता खांद्यावर हात ठेवायचा आणि पाय हळू पडायचे, हात काढला की सुटायचे. मीही एक दिवस त्याच्याबरोबर पळून पाहिलं. चौथ्या वळशाला मी रेतीत आडवा होतो आणि सगुणा विचारत होती, "ओवरशीरभाऊ, कावड आनू?"

लवूला हे सगळं दिसत होतं. तो एकदा वर्तुळाशी येऊन उभा राहिला. "धाकूदादा, एवडं कशाला? हाक तर मी एकच मारनार."

"मार की," धाकू म्हणाला. "आयकायला मी नसनार."

त्रिपुरीला किनारा फुलून गेला होता. शहरातून होड्या भरभरून माणसं आली. नवा हंडा केळीच्या खांबाखाली चकाकत होता. अकरा गडी निशाणाशी उभे राहिले. सगुणा चुंबळ पदराखाली धरून आली होती, हे फक्त मला माहीत होतं.

पहिली जा-ये सगळे एका जथ्यात. दुसऱ्यांदा खडकांकडे निघताना धाकूनं खांद्यावरचा हात काढला. तो सुटला तसा लवूही सुटला. बाकीचे मागे राहिले. दहा साखळ्यांनी धाकूचा हात पुन्हा खांद्यावर. लवूला वाटलं, दमला. तो हसत शेजारी आला. तेवढ्यात हात खाली आणि धाकू पुन्हा पुढे. लवू पुन्हा मागे. असं किती वेळा झालं ते मी मोजत होतो. आठ. आठव्यांदा लवू मागे लागला, पण पोचला नाही. नवव्या वेळी तो मागेच लागला नाही.

तिसऱ्यांदा खडकांना वळसा घालून धाकू परत फिरला तेव्हा दोघांत चांगल्या पाच साखळ्यांचं अंतर होतं. सगुणा मोठ्यानं म्हणाली, "आता कितीबी वरड, मेल्या!"

निशाण चार साखळ्यांवर आलं आणि समुद्राच्या बाजूनं हाक आली, "ओझं आलं ऽ!"

भागोजी होता. नेमकी तेव्हाच रापण ओढून झाली होती. तो आणि त्याचा जोडीदार दांड्याला भली मोठी पाटी लटकवून शर्यतीच्या वाटेवरच येत होते. मासळी शर्यतीसाठी थांबत नाही, आणि थांबावं असं भागोजीला वाटलंही नसेल.

धाकू थांबला. बाजूला सरून उभा राहिला, जसा गोळपच्या वाटेवर राहायचा तसा. सगळा किनारा कळवळला. "पळा ऽ! आवो, पळा!" सगुणा ओरडत होती. भागोजी आपल्या वयाच्या मानानं सावकाश चालत होता. मागून लवू जवळ जवळ येत होता. चार साखळ्या, तीन, एक.

भागोजीनं पुन्हा हाक दिली. लवूनं ती ऐकली, पण मान वर केली नाही. आपलीच युक्ती कोणीतरी आपल्यावर उलटवतंय, असं त्याला वाटलं. तो खाली मान घालून तसाच आला आणि सरळ दांड्यावर आदळला.

पाटी उलटली. रेतीवर बांगडेच बांगडे, उन्हात नुसती चांदी. मधोमध लवू बसलेला.

आता कावडवाल्यांचा दुसरा रिवाज. पडलेलं ओझं उचलून दिल्याशिवाय पुढे जायचं नाही. धाकू वाकला आणि बांगडे गोळा करू लागला. लवू क्षणभर निशाणाकडे बघत बसला. वाट समोर मोकळी होती. मग तोही गुडघ्यांवर आला आणि दोन्ही हातांनी पाटी भरू लागला. तिसरा गडी अजून खडकांकडून वळतच होता. हजारभर माणसं अशी हसू लागली की पंचांची शिट्टी कोणाला ऐकू येईना. "तो ऱ्हायला, लवू, तुज्या टाचेखाली!" भागोजी वरून सांगत होता. "ह्यो बग, शेपटीवाला!"

"सगळ्यांनाच शेपट्या हायत, काका!" लवू रडकुंडीला येऊन म्हणाला.

पाटी भरली. दोघांनी मिळून दांडा उचलून म्हाताऱ्यांच्या खांद्यांवर ठेवला. भागोजीनं खांदा नीट केला आणि म्हणाला, "जावा आता, मेल्यांनो."

दोघे एकाच वेळी सुटले. चार साखळ्या राहिल्या होत्या. लवूचे पाय थांबल्यामुळे लाकूड झाले होते. तो दोन पावलं लंगडला. आणि धाकू? ओझं उचलून दिलेलं, खांदा मोकळा, समोर खुंटी. महिनाभर त्यानं दुसरं काय केलं होतं? मला आजही ते पळणं दिसतं. निशाणाशी तो लवूच्या वीस पावलं पुढे होता.

लवू मागून आला आणि धाकूच्या शेजारी रेतीत पडला. दोघांच्या अंगाला बांगड्यांचा वास. "मला वाटलं वहिनीच वरडतेय," लवू म्हणाला.

"ती वरडत व्हतीच," धाकू म्हणाला. "पन मला म्हनत व्हती, पळ."

"मंग आयकलं का नायस?"

"बायकोचं आयकायला तीन साखळ्यांच्या आत असावं लागतं." आणि दोघे हसत सुटले.

सगुणानं चुंबळ डोक्यावर ठेवली, तिच्यावर हंडा, आणि किनाऱ्यानं घरी गेली. धाकू मागून चालत. होय, त्या संध्याकाळी मी त्याला चालताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्याकडे जाताना मी मुद्दाम विहिरीवरून गेलो. सगुणा नवा हंडा कमरेवर घेऊन पायवाटेनं येत होती, चाल अशी की पाटलीणबाईनं बघावी. समोरून मालन आपला जुना हंडा काठोकाठ भरून परतत होती. वाट एका माणसाची. दोघी समोरासमोर थांबल्या. विहिरीवरच्या बायकांचे दोर हातातच राहिले.

मालननं सगुणाच्या हंड्यात वाकून पाहिलं. तो रिकामा होता, आरशासारखा चकचकीत. मग तिनं मान ताठ केली आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी हाक दिली, "ओझं आलं ऽ!"

सगुणा एक क्षण तशीच उभी राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि नवा कोरा हंडा पोटाशी धरून ती हसत हसत गवतात सरली.